पुस्तकाला मार्क द्या, वाचणारीला नको

मागच्या महिन्यात रात्रीच्या हजेरीला मुलींच्या होस्टेलवर गेले होते. जिन्यात दोघीजणी कडाकडा भांडत होत्या. मला वाटलं, बादली नाहीतर मोबाईलचा चार्जर! होस्टेलमधली निम्मी महायुद्धं ह्या दोन वस्तूंवरून होतात. पण नाही. कुठल्याशा कादंबरी-मालिकेचा शेवटचा भाग दोघींनी वाचून संपवला होता आणि शेवट 'एकदम भारी' की 'एकदम बकवास' ह्यावर त्या हमरीतुमरीवर आल्या होत्या. मला बघून दोघी गप्प. "काही नाही मॅडम, असंच."

मी म्हटलं, भांडा गं, चालू द्या. आणि सही घेऊन पुढे गेले. पण खोलीवर आल्यावर काही केल्या झोप लागेना. असंच एक भांडण मी स्वतः २००९ साली केलं होतं. आणि त्यात मी हरले होते. म्हणजे मुद्दा माझाच बरोबर होता, तरी हरले होते. ते कसं, तेच सांगते.

तेव्हा मी थर्ड इयरला, अमरावतीत होस्टेलवर. आमच्याकडे नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती, गावाने मारायची. आमच्या खोलीत एक दर्यापूर, एक अकोट आणि मी अकोला. समोरच्या खोलीत मूर्तिजापूर. मेसवाल्या काकूसुद्धा "दर्यापूरले पोळी वाढ वं" असं म्हणायच्या. तर ह्या दर्यापूरची मावसबहीण पुण्याला होती. दिवाळीच्या सुटीत तिने दर्यापूरला तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं दिली. स्टेफनी मेयर ह्या अमेरिकन बाईंची 'ट्वायलाइट' (२००५), 'न्यू मून' (२००६) आणि 'इक्लिप्स' (२००७). आमची दर्यापूर दहावीपर्यंत मराठी मीडियमची. टेक्स्टबुक सोडून इंग्रजीचं एक पुस्तक तिने कधी हातात धरलं नव्हतं. तिने पहिलं पुस्तक दीड महिन्यात वाचलं, उशाशी डिक्शनरी घेऊन. दुसरं पंधरा दिवसांत. तिसरं चार रात्रीत, विंटर परीक्षेच्या तोंडावर, टॉर्चच्या उजेडात!

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेला नावाची मुलगी फिनिक्स नावाच्या रखरखीत, उन्हाच्या गावातून फोर्क्स नावाच्या सदा पावसाळी गावात बापाकडे राहायला येते. तिथे एडवर्ड नावाच्या मुलाच्या प्रेमात पडते, आणि तो निघतो व्हॅम्पायर. म्हणजे रक्तपिपासू पिशाच्च. पण सभ्य घरातलं! माणसाचं रक्त पीत नाही, जनावरांवर भागवतो. तिसरा कोन म्हणजे जेकब, तो लांडगा होऊ शकतो. अकोल्याच्या उन्हातून आलेल्या आम्हाला बेला लगेच पटली. फोर्क्स म्हणजे श्रावणातलं चिखलदरा, असं मी मनात धरून टाकलं होतं. भीमकुंडाच्या बाजूला धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसत नाही, तसं.

अकोल्याला घरी गेल्यावर मी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा नारायण धारपांचे पक्के वाचक. धारपांनी मराठीत व्हॅम्पायर कधीच आणला होता. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली त्यांची 'लुचाई' वाचून आमच्या घरात रात्री मोरीतला दिवा चालू ठेवायचे. बाबांनी माझं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ते उन्हात गेल्यावर काय होते त्याचं?" मी म्हटलं, "चमकतो. हिऱ्यासारखा." बाबा पोट धरून हसले. "मे महिन्यात आण म्हणा त्याले अकोल्यात. पंचेचाळीसच्या वर पारा गेला का पाहू किती चमकते तं!" बाबांच्या पिढीच्या वाचकाला भुतापासून भीती हवी होती. आमच्या खोलीला भुतापासून लग्न हवं होतं. आणि योगायोग असा, की धारप गेले ते ऑगस्ट २००८ मध्ये, आणि ह्या मालिकेचा चौथा आणि शेवटचा भाग 'ब्रेकिंग डॉन' बाहेर पडला तोही २ ऑगस्ट २००८ ला.

हा चौथा भाग अमेरिकेत मध्यरात्री दुकानं उघडी ठेवून विकला गेला. पहिल्याच दिवशी तिथे १३ लाख प्रती खपल्या. आमच्यापर्यंत यायला त्याला वर्ष-सव्वा वर्ष लागलं. चौघींनी वर्गणी काढली आणि नागपूरला जाणाऱ्या एका सीनियरकडून तो मागवला. पुस्तक साडेसातशे पानांच्या आसपास. एक प्रत, वाचणाऱ्या चार, आणि धीर कोणालाच नाही. शेवटी मूर्तिजापूरने इंजिनिअरिंग सोल्यूशन काढलं. पुस्तकाचे लेखिकेनेच तीन भाग पाडलेत. पहिला भाग बेला सांगते, दुसरा जेकब सांगतो, तिसरा पुन्हा बेला. झालं तर! पुस्तक झेरॉक्सच्या दुकानात नेलं, पाठीतून कापलं आणि तीन तुकड्यांना वेगवेगळं स्पायरल बायंडिंग केलं. दुकानदार म्हणाला, "नवंकोरं पुस्तक कापता ताई? बरी आहे ना तब्येत?"

ह्या कापाकापीचा परिणाम असा झाला, की पुस्तक एकच असून प्रत्येकीचं मत तिच्या हातात आलेल्या तुकड्यावर ठरलं. पहिल्या तुकड्यात लग्न आणि ब्राझीलजवळच्या बेटावरचा हनिमून. तो अकोटकडे गेला. दुसऱ्या तुकड्यात बेलाचं गरोदरपण. पोटातलं मूल इतक्या झपाट्याने आणि इतकं जोरकस वाढतं की आतून तिच्या बरगड्या मोडतात. शेवटी बाळंतपणात ती मरायला टेकते आणि एडवर्ड तिला व्हॅम्पायर करून वाचवतो. हे मूर्तिजापूरच्या वाट्याला आलं. दोन दिवस ती मेसमध्ये नीट जेवली नाही. तिसरा तुकडा माझ्याकडे. त्यात बेला व्हॅम्पायर झालीय, मुलगी रेनेस्मी दिवसागणिक वाढतेय, आणि इटलीतून व्होल्टुरी नावाचे व्हॅम्पायरांचे सत्ताधीश त्यांना संपवायला निघालेत. दर्यापूर मात्र म्हणाली, "मी थांबतो. तिन्ही झाले का एका दमात वाचीन." पुस्तक आणलं होतं तिच्यामुळे, आणि ती सगळ्यात शेवटी.

माझा तुकडा मी एका रात्रीत संपवला आणि पहाटे अक्षरशः चिडून उठले. चारशे पानं तयारी चाललीय. जगभरातून साक्षीदार गोळा केले, बेला आपली शक्ती घासूनपुसून तयार करते, बर्फातल्या मोकळ्या जागेवर दोन्ही फौजा समोरासमोर. आणि मग? चर्चा! अ‍ॅलिस ऐनवेळी एक साक्षीदार घेऊन येते, रेनेस्मीसारखाच अर्धा माणूस अर्धा व्हॅम्पायर, की बघा, अशी मुलं धोकादायक नसतात. व्होल्टुरी म्हणतात, बरं. आणि घरी जातात. एक ती इरिना सोडली तर कोणाचं काही बिघडत नाही. मला तर व्हायवाला रात्रभर जागून जावं आणि एक्स्टर्नलने नाव-गाव विचारून सोडून द्यावं, तसं वाटलं.

आणि आम्हीच एकट्या चिडलो होतो असं नाही. तिकडे अमेरिकेतही वाचकांचे सरळ दोन तट पडले होते. चिडलेल्या काही वाचकांनी तर पुस्तक दुकानात परत करायची मोहीमच काढली होती. फाडू नका, जाळू नका, परत करा आणि पैसे मागा! त्यांच्या तक्रारी आणि आमच्या खोलीतल्या तक्रारी जवळपास सारख्याच निघाल्या.

पहिली तक्रार लढाईची, ती मी सांगितली. दुसरी तक्रार जेकबची. तीन पुस्तकं हा मुलगा बेलासाठी झुरला, आणि चौथ्यात लांडग्यांच्या रीतीप्रमाणे त्याचा जीव कायमचा जडतो तो बेलाच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर! लेखिका कितीही सांगो की आत्ता ते प्रेम मोठ्या भावासारखं आहे, पुढचं पुढे. मला तेव्हाही ते वाचताना कसंतरी झालं, आजही होतं. ह्या एका गोष्टीची बाजू आमच्या पूर्ण मजल्यावर कोणीच घेतली नाही. दर्यापूरनेसुद्धा नाही.

तिसरी तक्रार माझी लाडकी. पहिल्या तीन पुस्तकांत लेखिकेनेच किमती ठरवून ठेवल्या होत्या. व्हॅम्पायर व्हायचं तर आई-बाप सोडावे लागतील, मूल होणार नाही, वर्षानुवर्षं रक्ताची तहान आवरता येणार नाही. वाचकाचा जीव त्याच्यामुळे तर टांगणीला लागला होता. आणि चौथ्या पुस्तकात? बाप येऊन-जाऊन असतो. मूल होतं. तहान पहिल्याच दिवशी आवरता येते. वर रूप, पैसा, जंगलातलं दगडी घरकुल आणि अमरत्व. म्हणजे सगळी किंमत माफ! मी म्हटलं, ही काही कादंबरी नाही, ही लॉटरी आहे.

अकोटची तक्रार आणखी वेगळी होती. तिला लढाईशी घेणंदेणंच नव्हतं. ती पहिल्याच तुकड्यात अडली. "अठरा वर्षांची पोरगी, डार्टमथसारख्या कॉलेजात ॲडमिशन झाली हाय, अन् थे सोडून लग्न करते! आणि तुम्ही त्याच्या ड्रेसचं वर्णन वाचता?" इतक्या जोरात म्हणाली की मूर्तिजापूर दार उघडून बघायला आली. शिवाय तिने 'इक्लिप्स'मधला तो प्रसंग काढला. बेलाने जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या गाडीचा पार्टच काढून ठेवतो. "आमच्या गल्लीत असं करनाऱ्याले प्रेम नाही म्हनत." आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की अकोटसाठी घरी स्थळं पाहणं सुरू झालंय, आणि फायनल इयर सासरी जाऊन करता येईल असं तिच्या काकांचं म्हणणं आहे. त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

बाजू घेणाऱ्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे, नाहीतर ते एकतर्फी होईल. मूर्तिजापूरचं म्हणणं होतं की मुखपृष्ठ नीट बघा. त्यावर बुद्धिबळाचा पट आहे. पुढे पांढरी राणी, मागे लाल प्यादं. पहिल्या पुस्तकातलं सगळ्यात दुबळं प्यादं शेवटी राणी होतं. तीन पुस्तकं जिला सगळे वाचवत आले, ती चौथ्यात आपल्या मनाच्या कवचाखाली सगळ्यांना घेते. लेखिकेनेही पुढे हेच सांगितलं, की ही लढाई हातापायांची नव्हतीच, डोक्याची होती. तिने तर आधीच खूण ठेवली होती. अ‍ॅलिस निरोप लिहून ठेवते तो शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या फाडलेल्या पानावर. त्या नाटकात तलवारीशिवाय, नुसत्या युक्तिवादावर माणूस वाचतो. मान्य. खूण चांगलीच आहे. पण खूण ठेवली म्हणून चारशे पानांची भूक भागत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मुलांच्या होस्टेलचं काय? त्यांचं मत फार लवकर तयार झालं, कारण त्यांच्यापैकी कोणी पुस्तक वाचलंच नव्हतं. "पोरींचं पुस्तक" हा त्यांचा एका ओळीचा रिव्ह्यू. गंमत म्हणजे ह्याच मुलांनी हॅरी पॉटरच्या सातव्या भागाच्या शेवटावरून, त्या एकोणीस वर्षांनंतरच्या प्रकरणावरून, कँटीनमध्ये दोन तास घातले होते. तेव्हा ते साहित्य होतं. असो.

आता माझा गुन्हा. तेव्हा आमच्या होस्टेलच्या खाली एक भित्तिपत्रक लागायचं, आणि त्याची मी संपादक. शिळा फुलस्केप, स्केचपेन आणि भरपूर आगाऊपणा, एवढं भांडवल. मी 'ब्रेकिंग डॉन'चा पेपर तपासला. कथानक १० पैकी २. शेवट १० पैकी ०. ग्रेस मार्क नाहीत. इथवर ठीक होतं. पण मी तिथे थांबले नाही. टाळ्या मिळतात म्हटल्यावर हात थांबत नाही. खाली मी आणखी एक रकाना काढला, 'हे पुस्तक आवडणारी वाचक', आणि लिहिलं, 'बुद्धी १० पैकी १, तोही हजेरीचा.' पूर्ण होस्टेल हसलं. रेक्टर मॅडमसुद्धा हसल्या.

दर्यापूरने त्याच रात्री तिन्ही तुकडे वाचून संपवले होते. तिला पुस्तक फार, फार आवडलं होतं. आणि सकाळी ती नळावर जाताना त्या कागदासमोर उभी होती.

ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती बोलायची बंद झाली. आठ दिवस एका खोलीत, मधल्या टेबलावर एकच लॅम्प, आणि बोलणं नाही. शेवटी मीच म्हटलं, "अगं, पुस्तकाबद्दल लिहिलं होतं, तुझ्याबद्दल थोडंच?" तेव्हा ती म्हणाली,

"तुले लॉटरी वाटते नं वं थे? सगळं फुकटात भेटलं म्हून? आमच्या बाबाचं सात एकर हाय. खारपानपट्ट्यातलं. पाच असतं तं पूरी माफी भेटली असती. दोन एकर जास्त हाय म्हून नाही भेटली. घरी सगळे म्हन्तात, तुमचं बरं हाय, तुमचं जास्त हाय. मले आवडलं थे पुस्तक. कोनाचं तरी सगळंच्या सगळं माफ झालं. कोनी मंधात येऊन नाही म्हनलं, तुमचं दोन एकर जास्त हाय."

वाचणाऱ्या नव्या मुलांना संदर्भ लागणार नाही म्हणून सांगते. २००८ च्या केंद्राच्या बजेटमध्ये शेतकऱ्यांची मोठी कर्जमाफी झाली. पूर्ण माफी पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्याच्या वरच्यांना, आधी उरलेला हिस्सा भरा मग सवलत. आता आपल्या वऱ्हाडात कोरडवाहू शेती. जमीन जास्त दिसते, पीक नाही. दर्यापूरकडे तर पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, विहिरीला पाणी लागलं तरी खारं. तिथले सात एकर म्हणजे श्रीमंती नव्हे. हे मला अकोल्यात राहून माहीत नव्हतं असं नाही. पेपरात रोज वाचत होते. पण 'किंमत मोजल्याशिवाय मिळालेलं सुख खोटं' हे वाक्य मी ज्या ऐटीत लिहिलं होतं, ते माझ्या पगारदार बापाच्या घरातून लिहिलं होतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

लगेच कोणी म्हणेल, म्हणजे मग तुमचं मत बदललं? नाही. आणि इथेच माझा मुद्दा आहे. पुस्तकाबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. शेवट कच्चा आहे. लेखिकेने स्वतः उभं केलेलं गणित स्वतःच खोडून टाकलं. पुढे २०१२ साली ह्याच पुस्तकावरच्या शेवटच्या सिनेमात दिग्दर्शकाने काय केलं पाहा. धमासान लढाई दाखवली, लाडकी माणसं मारली, थिएटरमध्ये किंकाळ्या उठल्या, आणि मग कळतं की हे सगळं अ‍ॅलिसला दिसलेलं भविष्य होतं, घडलं नाहीच. लढाई पाहिजे म्हणणारेही खूश, कोणी मरू नये म्हणणारेही खूश! पुस्तकात काहीतरी कमी होतं, हे सिनेमावाल्यांनाही वाटलं असणार, त्याशिवाय त्यांनी ते भरलं नसतं. तेव्हा पुस्तकाला मी १० पैकी ४ च देईन. दोन वाढवले, ते मुखपृष्ठावरच्या प्याद्यासाठी आणि मूर्तिजापूरसाठी.

पण 'हे पुस्तक चांगलं आहे का' हा एक प्रश्न आणि 'हे पुस्तक आवडणारी कशी आहे' हा दुसरा प्रश्न. मी दोन्ही एकाच पेपरात तपासले. पुस्तक तपासायला ते पूर्ण वाचावं लागतं (मी तर तीनपैकी एकच तुकडा वाचला होता, हेही कबूल करते). माणूस तपासायला मात्र कोणी बसवलेलंच नसतं आपल्याला. अकोटला जे पुस्तक वाचून संताप आला, तेच वाचून दर्यापूरला झोप लागली. दोघींनी तीच पानं वाचली. दोघींनी आपापल्या घराचा दरवाजा त्या पानांत पाहिला. ह्यात शहाणी कोण आणि बावळट कोण, ते ठरवणारी मी कोण?

वाचक रागावतात हे काही नवीन नाही. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मारलं, तेव्हाही लोक चवताळले होते, आणि दहा वर्षांनी त्याला होम्स जिवंत करावा लागला. रागावलेला वाचक ही लेखकाची कमाईच म्हणायची. ज्या पुस्तकाच्या शेवटाबद्दल कोणीच भांडत नाही, ते बहुतेक कोणी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. आपली टेक्स्टबुकंच बघा ना! मला भीती भांडणाची वाटत नाही. भीती वाटते ती माझ्या त्या रकान्याची. कारण त्या रकान्यानंतर दर्यापूरने बरेच महिने कोणाला सांगितलं नाही की ती काय वाचतेय. पुस्तकावर वर्तमानपत्राचं कव्हर घालायची. उशाशी डिक्शनरी घेऊन तीन इंग्रजी कादंबऱ्या संपवणारी मुलगी आपलं पुस्तक लपवते, आणि ते माझ्यामुळे, ह्याचे मार्क मला किती मिळतील?

आज ती बंगलोरला आहे, चांगल्या नोकरीत. २०२० मध्ये मेयरबाईंनी हीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून सांगणारं 'मिडनाइट सन' काढलं, तेव्हा तिने मला मुद्दाम फोन केला. "घेतलं वं मी. कापू नको म्हनलं दुकानदाराले." आणि हसली. अकोटने डिग्री इथेच, ह्याच होस्टेलवर राहून पूर्ण केली. लग्न नंतर, तिच्या सवडीने. ती आजही बेलाचं नाव काढलं की भडकते.

तर जिन्यातल्या त्या दोघींना एवढंच सांगायचं. भांडा. जोरात भांडा. शेवट बकवास असेल तर बकवास म्हणा, कारणं द्या, पान नंबर दाखवा. फक्त समोरचीला ते का आवडलं, हे एकदा विचारून बघा. उत्तर पुस्तकापेक्षा मोठं निघू शकतं.

आणि हो, हजेरीच्या वहीत त्या दिवशी दोघींची सही राहिली होती. ती करून जा.